कॉलेज फुटबॉल, टीव्हीचा पैसा आणि कॉन्फरन्सची पळापळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दलचे (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपला नेहमीचा फुटबॉल नव्हे) हे प्रश्न सुरू होतात. मास्टर्सला आलेली मुलं विचारतात, त्यांचे पुण्या-नाशिकचे आईबाबा विचारतात, आणि इथे वीस वर्षं राहून फक्त क्रिकेटच बघणारे काकालोक पण विचारतात. सारखं सारखं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकत्र लिहून ठेवलंय. माहिती २०२५ चा सीझन संपेपर्यंतची आहे.

१. कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला लाख लोक येतात हे खरं आहे का? आणि का येतात?

खरं आहे. मिशिगनच्या ॲन आर्बरमधल्या स्टेडियमची अधिकृत क्षमताच १,०७,६०१ आहे आणि ते भरतं. कारण असं की हा खेळ आधी कॉलेजात वाढला, प्रोफेशनल लीग म्हणजे एनएफएल आली १९२० मध्ये, आणि कॉलेजची पहिली मॅच झाली होती ६ नोव्हेंबर १८६९ ला, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन, न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकला. (एडिसनच्या मराठी मंडळींनो, तुमच्या घरापासून गाडीने जेमतेम पंधरा-वीस मिनिटं.) शिवाय अलाबामा, नेब्रास्का, ओक्लाहोमा या राज्यांत एनएफएलची टीमच नाहीये, तिथे युनिव्हर्सिटीची टीम हीच राज्याची टीम, मग जो त्या कॉलेजात कधी गेलाच नाही तो पण शनिवारी तोच शर्ट घालून बसतो.

२. कॉन्फरन्स म्हणजे काय? लीग का?

साधारण तसंच. काही युनिव्हर्सिट्या एकत्र येऊन गट करतात, आपापसात मॅचेस ठरवतात, आणि महत्त्वाचं म्हणजे टीव्हीचे हक्क एकत्र विकून पैसे वाटून घेतात. आयपीएलमध्ये बीसीसीआय सगळ्या टीम्सच्या वतीने हक्क विकते आणि मग वाटा देते, इथे तसं वरती एक मालक नाहीये, प्रत्येक कॉन्फरन्स आपला माल वेगळा विकते, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

सध्या चार मोठ्या आहेत. बिग टेन (मेंबर १८, नावावर जाऊ नका), एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स, १६), बिग ट्वेल्व्ह (१६, परत तेच) आणि एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, फुटबॉलला १७).

३. मग एनसीएए काय करते? ती वरची संस्था आहे ना?

नियम करते, कोण खेळू शकतो ते ठरवते, बाकीच्या खेळांच्या स्पर्धा घेते. पण मोठ्या फुटबॉलच्या पैशावर तिचा ताबा १९८४ लाच गेला. त्याआधी कुठल्या टीमची मॅच टीव्हीवर किती वेळा दाखवायची हे एनसीएएच ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया युनिव्हर्सिटी कोर्टात गेल्या, केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि ७ विरुद्ध २ मतांनी निकाल आला की ही मक्तेदारी बेकायदेशीर आहे. त्या दिवसापासून ज्याची मॅच जास्त लोक बघतात त्याला बाजारात जास्त भाव.

ही तारीख लक्षात ठेवा, कारण आजकाल सगळे म्हणतात की "पोरांना पैसे द्यायला लागले आणि खेळ बिघडला". पोरांना कायदेशीर पैसे मिळायला लागले २०२१ मध्ये. मोठ्यांची दुकानदारी त्याच्या ३७ वर्षं आधीपासून चालू होती.

४. रिअलाइनमेंट म्हणजे नेमकं कोण कुठून कुठे गेलं? मला टीमच सापडत नाहीत.

हे आधीपासून चालू आहे, साउथवेस्ट कॉन्फरन्स तर १९९६ लाच गुंडाळली गेली. पण मोठा धक्का गेल्या काही वर्षांतला:

जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमाने बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसीत जायचं ठरवलं (प्रत्यक्ष गेले जुलै २०२४ ला). ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसची दोन्ही मोठी नावं, पॅक-12 (पश्चिम किनाऱ्याची जुनी कॉन्फरन्स) सोडून बिग टेनला निघाली, जी मूळची शिकागोच्या आसपासची कॉन्फरन्स. बिग ट्वेल्व्हने भोक बुजवायला ब्रिगम यंग, सिनसिनाटी, ह्यूस्टन आणि सेंट्रल फ्लोरिडा घेतले, ते २०२३ ला आले. मग २०२३ च्या उन्हाळ्यात ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये; कोलोराडो, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये; आणि १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड, कॅल (म्हणजे बर्कली) आणि डॅलसची एसएमयू एसीसीमध्ये. एसीसीतला ए अटलांटिकचा आहे आणि स्टॅनफर्ड पॅसिफिकपासून अर्ध्या तासावर, पण आता कोण बघतंय नकाशा.

५. पॅक-12 एवढी जुनी, ती दीड वर्षात कशी बुडाली?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणजे दुःख देणारा आवडता. १९१५ ची परंपरा, सिएटलपासून टूसॉनपर्यंत पूर्ण पश्चिम किनारा हातात, आणि तरी.

मुळं जरा मागची आहेत. २०१२ ला त्यांनी स्वतःचं टीव्ही नेटवर्क काढलं, पूर्ण मालकीचं. बिग टेनने फॉक्सला आणि एसईसीने ईएसपीएनला सोबत घेतलं होतं, यांनी म्हटलं आम्हाला भागीदार नको. कल्पना वाईट नव्हती पण डायरेक्टटीव्ही या सॅटेलाइट टीव्ही कंपनीशी करार कधी झालाच नाही, लाखो घरांत चॅनल दिसायचंच नाही, आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या महागड्या ऑफिसचं भाडं मात्र चालू. त्यात पश्चिमेला रात्रीच्या मॅचेस, पूर्वेकडचे प्रेक्षक तोपर्यंत झोपलेले.

मग लॉस एंजेलिस गेलं. म्हणजे सगळ्यात मोठं टीव्ही मार्केटच गेलं, आणि तेही नवीन करार करायच्या तोंडावर. इकडे बिग ट्वेल्व्हचा नवा कमिशनर ब्रेट यॉरमार्क हुशार निघाला, त्याने रांगेत पुढे घुसून ऑक्टोबर २०२२ मध्येच ईएसपीएन आणि फॉक्सशी करार उरकला आणि नेटवर्कांचं बजेट तिकडे गेलं. पॅक-12 मात्र महिनोन्महिने "होईल होईल" म्हणत राहिली. शेवटी आली ॲपलची स्ट्रीमिंगची ऑफर, ज्यात किती लोक सबस्क्रिप्शन घेतील त्यावर कमाई अवलंबून. जुलैअखेर कोलोराडो निघून गेलं. ४ ऑगस्ट २०२३ च्या सकाळी उरलेले नऊ जण सही करतील अशी आशा होती, त्याऐवजी ऑरेगन आणि वॉशिंग्टनने हात वर केले आणि त्याच दिवशी आणखी तीन गेले. एका शुक्रवारी पाच!

माझं मत: एका माणसावर खापर फोडता येत नाही. दहा वर्षं आपली किंमत आहे त्यापेक्षा जास्त समजत राहिले आणि वेळ आली तेव्हा कोणाचाच कोणावर भरवसा उरला नव्हता.

६. मग मागे राहिलेल्या दोघांचं काय झालं?

ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही छोट्या गावातली, टीव्ही मार्केट लहान, म्हणून कुणी बोलावलं नाही. पण ते रडत बसले नाहीत, कोर्टात गेले, म्हणाले की जे सोडून चाललेत ते बोर्डावर बसून तिजोरी कशी वाटणार, आणि जिंकले. नाव, बोर्डाचा ताबा आणि बराचसा पैसा त्यांच्याकडे राहिला. दोन सीझन दोनच टीम्सची कॉन्फरन्स चालवली. आता बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सस स्टेट येऊन २०२६ पासून पॅक-12 परत उभी राहतेय. आठचा आकडा गाठणं गरजेचं होतं कारण मान्यतेला फुटबॉलच्या किमान आठ टीम्स लागतात. गोंझागापण येतेय पण त्यांच्याकडे फुटबॉलच नाही, त्यांना घेतलंय बास्केटबॉलसाठी.

७. आकडे सांगा ना, नक्की किती पैसा आहे?

बिग टेनने ऑगस्ट २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, ७ बिलियन डॉलरच्या वर. एसईसीचा ईएसपीएनशी दहा वर्षांचा, साधारण ३ बिलियन, तो २०२४ पासून, आणि हे त्यांच्या आधीच्या ईएसपीएन करारांच्या वरचे पैसे. बिग ट्वेल्व्हचा सहा वर्षांचा २.२८ बिलियन. वरून प्लेऑफ, म्हणजे सीझनअखेर देशाचा विजेता ठरवणारी बाद फेरीची स्पर्धा: ईएसपीएन २०२६ पासून सहा वर्षांसाठी ७.८ बिलियन देणार आहे.

आता प्लेऑफच्या वाटणीत गंमत बघा. नव्या करारात बिग टेन आणि एसईसीला प्रत्येकी साधारण २९ टक्के, एसीसीला १७ च्या आसपास, बिग ट्वेल्व्हला १५ च्या आसपास, आणि बाकी सगळ्या देशाला उरलेलं. म्हणजे दोन घरांत अर्ध्याहून जास्त ताट.

८. एका कॉन्फरन्समधल्या सगळ्यांना सारखाच वाटा मिळतो का?

पूर्वी बहुतेक ठिकाणी मिळायचा. आता नवीन येणारे घासाघीस करून कमी पैशात येतात, कारण बाहेर राहण्यापेक्षा ते परवडतं. ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये साधारण अर्ध्या वाट्यावर आले. स्टॅनफर्ड आणि कॅल एसीसीत सुरुवातीला ३० टक्क्यांच्या आसपास. आणि एसएमयूने तर कमाल केली, टीव्हीच्या पैशातला वाटा नऊ वर्षं नको म्हणाले! त्यांच्याकडे डॅलसचे श्रीमंत माजी विद्यार्थी आहेत, ते बघून घेतात. पहिल्याच वर्षी, २०२४ ला, प्लेऑफमध्ये पोहोचले, त्यामुळे देणगीदार खूश.

एसीसीत आता टीव्हीवर किती लोकांनी बघितलं त्यावरही काही पैसा वाटतात, ते का ते पुढच्या उत्तरात.

९. असं कोणीही कधीही उठून जाऊ शकतं? करार वगैरे काही नसतो?

असतो, दोन कुलपं असतात. एक एक्झिट फी, म्हणजे सोडताना दंड. दुसरं जास्त जड: ग्रँट ऑफ राइट्स. यात युनिव्हर्सिटी आपल्या घरच्या मॅचेसचे टीव्ही हक्क अमुक वर्षापर्यंत कॉन्फरन्सच्या नावावर करून देते, त्यामुळे तुम्ही गेलात तरी तुमच्या मॅचेसचा पैसा जुन्याच घरी. मग नवीन घर तुम्हाला कशाला घेईल?

टेक्सस आणि ओक्लाहोमा एक वर्ष लवकर सुटले, दोघांना मिळून १०० मिलियन डॉलर सोडावे लागले. एसीसीचं कुलूप २०३६ पर्यंतचं होतं. फ्लोरिडा स्टेट २०२३ ला १३ पैकी १३ मॅचेस जिंकून पण चार टीम्सच्या प्लेऑफमधून बाहेर राहिली, तेव्हा आधीच धुमसत असलेलं प्रकरण कोर्टात गेलं, मागोमाग क्लेमसन. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली: जास्त प्रेक्षक खेचणाऱ्यांना जास्त वाटा, आणि सोडायची किंमत दरवर्षी कमी होत होत २०३०-३१ ला ७५ मिलियनवर. म्हणजे दार उघडायची तारीखच ठरवून टाकली.

१०. नोटर डेम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, त्यांना कसं चालतं?

कारण त्यांच्याकडे १९९१ पासून एनबीसीचा स्वतंत्र करार आहे. देशभर कॅथलिक चाहते, टीव्हीला हेच हवं असतं. बाकीचे बरेच खेळ एसीसीत, फुटबॉल एकटं, आणि एसीसीवाल्यांशी वर्षाला साधारण पाच मॅचेस. तोटा एवढाच की प्लेऑफच्या टीम्स निवडणाऱ्या समितीच्या दयेवर राहावं लागतं. २०२४ च्या सीझनला फायनलपर्यंत गेले, ओहायो स्टेटकडून ३४-२३ हरले. २०२५ ला प्लेऑफमध्ये घेतलं नाही तर इतके रुसले की दुसरी बोल मॅच (सीझनअखेरची निमंत्रणाची मॅच) पण खेळणार नाही म्हणाले.

११. खेळाडूंना आता पगार मिळतो का?

दोन वेगळे झरे आहेत, लोक ते एकत्र करतात.

पहिला एनआयएल, म्हणजे स्वतःचं नाव, चेहरा वापरून जाहिरातीचे वगैरे पैसे. १ जुलै २०२१ पासून परवानगी. त्याच्या दहा दिवस आधी ऑल्स्टन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ९-० ने एनसीएएला फटकारलं होतं, मग काय करणार. कागदावर जाहिरात, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी श्रीमंत चाहते वर्गणी काढून खेळाडूला आणायचे. ताकाला जाऊन भांडं लपवणं चालू होतं.

दुसरा झरा थेट युनिव्हर्सिटीकडून. हाउस विरुद्ध एनसीएए या केसची तडजोड ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केली. २०१६ पासूनच्या खेळाडूंना दहा वर्षांत २.८ बिलियन डॉलर भरपाई, आणि पुढे प्रत्येक युनिव्हर्सिटी वर्षाला ठरावीक रकमेपर्यंत खेळाडूंना वाटू शकते, पहिल्या वर्षी मर्यादा २०.५ मिलियन, म्हणजे २ कोटी ५ लाख डॉलर. ही सगळ्या खेळांना मिळून, पण मोठ्या ठिकाणी साधारण तीन चतुर्थांश फुटबॉललाच जातात. बाहेरचा ६०० डॉलरच्या वरचा प्रत्येक करार नोंदवून तपासून घ्यायचा, त्यासाठी कॉलेज स्पोर्ट्स कमिशन नावाची नवीन संस्था काढलीय.

१२. मग सरळ नोकरदार का म्हणत नाहीत त्यांना?

कारण नोकरदार म्हटलं की युनियन, विमा, ओव्हरटाइम सगळं आलं. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी २०१४ ला युनियनचा प्रयत्न केला, २०१५ मध्ये कामगार मंडळाने आम्ही यात पडत नाही म्हणून सोडून दिलं. २०२४ ला डार्टमथच्या बास्केटबॉल टीमने युनियनसाठी मतदान केलं, पण शेवटी अर्ज मागे घेतला. गंमत म्हणजे खेळाडूंशी सामूहिक करार केला असता तर एनसीएएचे निम्मे कोर्टकज्जे मिटले असते, एनएफएलमध्ये पगाराची मर्यादा तशीच टिकते. हे मला तरी सरळ दिसतं, पण युनिव्हर्सिट्या त्याऐवजी वॉशिंग्टन डीसीला जाऊन काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, सूट मागतायत.

१३. माझा भाचा एफ-१ व्हिसावर आहे आणि टीममध्ये आहे. त्याला हे पैसे घेता येतील का?

जपून! हा सगळ्यात जास्त गैरसमजाचा मुद्दा. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि एनसीएएने हो म्हटलं म्हणून इमिग्रेशनचा कायदा बदलत नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये ऑस्ट्रेलियन पंटर भरपूर आहेत (पंटर म्हणजे लाथ मारून बॉल लांब घालवणारा), त्यांची हीच अडचण, शेजारचा अमेरिकन पोरगा गाडीच्या शोरूमची जाहिरात करून पैसे घेतो आणि हा बघत बसतो. काही परदेशी खेळाडू जाहिरातीचं काम मायदेशी गेल्यावर तिथे करतात. थेट युनिव्हर्सिटीच्या वाटणीचं प्रकरण अजून नाजूक. कॉलेजचं इंटरनॅशनल ऑफिस आणि इमिग्रेशनचा वकील, दोघांना विचारल्याशिवाय एक डॉलर घेऊ नका.

१४. दरवर्षी खेळाडू टीम बदलतात ते कसं? आधी असं नव्हतं.

आधी बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. ऑक्टोबर २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल (टीम बदलू इच्छिणाऱ्यांची ऑनलाइन यादी) आलं, २०२१ ला एकदा विनाअट बदलायची मुभा, २०२४ पर्यंत कोर्टाच्या दणक्याने ती पण मर्यादा गेली. फर्नांडो मेंडोझा कॅलमधून इंडियानाला गेला आणि पहिल्याच सीझनला हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) जिंकला.

यात एक अवघड अपवाद: किती वर्षं खेळता येतं? नियम पाच वर्षांत चार सीझनचा. पण व्हँडरबिल्टचा डिएगो पाविया कोर्टात म्हणाला की ज्युनियर कॉलेजातली (आपली अकरावी-बारावी नव्हे, इथलं दोन वर्षांचं कॉलेज) वर्षं धरू नका, डिसेंबर २०२४ ला त्याला दिलासा मिळाला, आणि मग तशा केसेसची रांग लागली.

१५. पोरांना द्यायला पैसे नाहीत म्हणायचे, मग कोचला काढताना एवढे कसे देतात?

मलाही हेच विचारायचंय. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ ला जिम्बो फिशरला काढलं आणि घरी बसायचे ७५ मिलियनच्या वर देणं लागले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन आणि एलएसयूने ब्रायन केली यांना काढलं, दोघांच्या करारात ५० मिलियनच्या आगेमागे रक्कम. (दुसरीकडे नोकरी लागली की काही करारांत ती कमी होते.) वर्षानुवर्षं खेळाडूंना पगार नव्हता, तेव्हा पैसा कुठेतरी मुरणारच ना, कोचच्या करारात आणि झगमगीत लॉकर रूममध्ये मुरला.

१६. हे पैसे आमच्या मुलीच्या फीमधून जातात का?

कॉलेजवर अवलंबून. बिग टेन आणि एसईसीतली मोठी नावं बहुतांशी टीव्ही, तिकिटं आणि देणग्यांवर चालतात. मधल्या फळीतल्या बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिट्या मात्र प्रत्येक विद्यार्थ्याकडून ॲथलेटिक्स फी घेतात, मग ती मॅच बघो न बघो. सेमिस्टरचं बिल नीट वाचा, ओळ असते. कधीकधी त्या बदल्यात विद्यार्थ्यांना तिकीट फुकट मिळतं, तर पैसे भरलेच आहेत तर जा एकदा!

१७. बाकीच्या खेळांचं काय होतंय?

फुटबॉलसाठी कॉन्फरन्स बदलली की व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस सगळे मागोमाग. फुटबॉलच्या मॅचेस मोजक्या, आठवड्याला एक, चार्टर विमानाने. व्हॉलीबॉलच्या मुली आठवड्याच्या मधल्या दिवशी पण खेळतात. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी साधारण ४००० किलोमीटर आणि तीन तासांचा घड्याळाचा फरक, आणि सोमवारी परीक्षा. हे ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अमेरिकेचे ऑलिंपिकचे जलतरणपटू आणि धावपटू याच कॉलेजांतून तयार होतात, आणि २०.५ मिलियन नवीन खर्च आल्यावर (प्रश्न ११) कात्री आधी यांच्यावरच चालते. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींच्या टीम्स सहज बंद करता येत नाहीत, म्हणून बऱ्याचदा मुलांचं टेनिस किंवा पोहणं जातं.

१८. जुन्या चुरशीच्या मॅचेस बंद झाल्या का?

काही झाल्या. ओक्लाहोमा विरुद्ध ओक्लाहोमा स्टेट, शंभरच्या वर वर्षांची भांडणं, नोव्हेंबर २०२३ ला शेवटची झाली, ओक्लाहोमा स्टेट २७-२४ जिंकली आणि आयुष्यभर तेवढं ऐकवायला मोकळी झाली. उलट टेक्सस विरुद्ध ए अँड एम २०११ ला बंद पडलेली, दोघं एसईसीत आल्यावर २०२४ ला परत सुरू. ऑरेगन-ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टनच्या दोघांची वेगळ्या कॉन्फरन्समध्ये जाऊनही चालू राहिली, फक्त नोव्हेंबरऐवजी सप्टेंबरात, त्यात ती मजा नाही.

१९. सगळ्या कॉलेजांना हे लागू आहे का? काही सुटलेत का?

आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे) खेळाची स्कॉलरशिपच देत नाही आणि हाउसच्या वाटणीतूनही बाहेर आहे. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स अकादमीही बाहेर, तिथले कॅडेट सरकारचेच.

२०. म्हणजे आता पैसेवालेच जिंकणार, बघायचं कशाला?

इंडियाना बघा. मोठ्या फुटबॉलच्या इतिहासात सगळ्यात जास्त हरलेल्यांपैकी एक. कर्ट सिग्नेटी कोच आला, पोर्टलमधून नेमकी माणसं उचलली, आणि २०२५ चा सीझन १६-० असा संपवून फायनलला मायामीला त्यांच्याच मैदानावर २७-२१ हरवलं. जुन्या नियमात हे अशक्य होतं, चांगली पोरं मोठ्या नावांकडेच बाकावर बसून राहायची. पण हेही विसरू नका की इंडियाना बिग टेनमध्ये आहे, टीव्हीचा पूर्ण हप्ता दरवर्षी येतो. हीच जादू ऑरेगन स्टेटला करता येईल का, तर मला नाही वाटत.

२१. पुढचा भूकंप कधी?

२०३० च्या आसपास. बिग टेनचा टीव्ही करार २०२९-३० च्या सीझनबरोबर संपतो, बिग ट्वेल्व्हचा २०३०-३१ ला, एसीसीची सोडायची किंमत त्याच सुमारास तळाला (प्रश्न ९). तोपर्यंत बाहेरचा पैसा आत शिरायला बघतोय: युटाने डिसेंबर २०२५ मध्ये ओट्रो कॅपिटल या प्रायव्हेट इक्विटी कंपनीशी भागीदारी जाहीर केली, आणि बिग टेनपुढे २.४ बिलियनचा गुंतवणुकीचा प्रस्ताव आला होता, मिशिगन आणि यूएससी आडवे गेले म्हणून तो अडकला. क्लेमसन, फ्लोरिडा स्टेट, नॉर्थ कॅरोलायना ही नावं तेव्हा परत बातम्यांत दिसली तर मला मेसेज करू नका, प्रश्न ९ वाचा.